डावा कौल

१८ जानेवारी २०२१, सोमवार

आजपासून मी कॉलेजात. म्हणजे सड्यावर.

घरात रेंज येत नाही हे साऱ्या वाडीला ठाऊक आहे. तरी मी सकाळी नवा ड्रेस घालून, फोन हातात धरून ओटीवर अर्धा तास बसले होते. शेवटी दादा म्हणाला, "शमे, देव पावेल पण हा टॉवर पावायचा नाय. चल वर." मग आम्ही दोघं वाडीमागच्या सड्यावर गेलो, तिथे रेंज येते. वर नुसता कातळ आणि सावलीला एक करवंदीची जाळी, तीही गुडघ्याएवढी. दादाने छत्री उघडली आणि दीड तास माझ्या आणि फोनच्या डोक्यावर धरून उभा राहिला. फोनही त्याचाच. घरात स्मार्टफोन हा एकच, आप्पांचा तर बटणांचा.

सरांनी हजेरी घेतली. माझं नाव आल्यावर मी "प्रेझेंट सर" असं एवढ्या जोरात म्हटलं की चरणाऱ्या गुरांनी माना वर केल्या, पण माईक बंद होता. दादाने बटण दाबून देईपर्यंत सर पुढच्या नावावर गेले. पहिल्याच दिवशी मी गैरहजर.

दापोलीला बी.एस्सी. ॲग्री. आमच्या वाडीतून तिथे जाणारी मी पहिली. यातलं अर्धं श्रेय संदेशदादाचं, हे इथे लिहून ठेवते. तोंडावर सांगणार नाही, डोक्यावर चढून बसेल. सीईटीचा फॉर्म त्याने भरला, परीक्षेला त्याने नेलं, दाखल्यांसाठी तहसीलला चार खेपा त्यानेच घातल्या. त्यालाही बारावीनंतर शिकायचं होतं. तेव्हा आप्पांचा गुडघा गेला आणि दादा मुंबईला काकांकडे राहून गोडाऊनवर लागला. लॉकडाऊनमध्ये काम सुटलं, तेव्हापासून तो इथेच आहे.

ही वही प्रॅक्टिकलसाठी घेतली होती. एक पान कोरं, एक रेघांचं. प्रॅक्टिकल कुठली व्हायला, म्हणून हे लिहायला घेतलं.

२५ जानेवारी

वर्गात शंभरावर मुलं आहेत आणि मी एकाचंही तोंड पाहिलेलं नाही. नुसते गोल गोल फोटो. त्यातली ईशा नावाची देवरुखची मुलगी माझी मैत्रीण झाली आहे. रेंज गेली की राहिलेल्या नोट्स पाठवते. तिचा फोटो म्हणजे एक मांजर आहे. म्हणजे कॉलेजातली माझी एकुलती एक मैत्रीण मांजर.

सरांनी परसातली तीन ठिकाणची माती घेऊन रंग, खडे, ओल लिहायला सांगितली. आई म्हणाली, "एवढा अभ्यास करून मातीच बघायची व्हती तर मी दाखवली असती. माझा जन्म चिखलात गेला." आप्पा मात्र काठी घेऊन उठले. फणसाखालची वेगळी, वहाळाच्या पाण्याकडची वेगळी, आणि काजूखाली खणलं तर वीतभर खाली कातळच कसा लागतो, हे त्यांनी तासभर दाखवलं. शेवटी म्हणाले, "हे सरांना सांग, म्हणावं माझ्या बापाने सांगितलान." मी आप्पांना एवढं बोलताना मुंबईचे काका वारल्यानंतर पहिल्यांदा पाहिलं.

५ फेब्रुवारी

आज वनस्पतिशास्त्राच्या तासाला तिसऱ्यांदा फोन आला आणि तास तुटला. मुंबईचा सेठ. गोडाऊन परत सुरू होतंय म्हणे. दादा फोन घेऊन सड्याच्या पार टोकाला गेला आणि पाऊण तास तिथेच होता. परत आला तेव्हा तास संपला होता. मी फणकारले, तर एरवी दोन शब्द जास्त सुनावणारा हा माणूस नुसता "हं" म्हणाला. छत्री खाली उघडीच पडली होती, वाऱ्याने गडगडत गेली ती मीच धावून आणली.

१३ फेब्रुवारी

नोटीस आली! मूळ कागदपत्रं घेऊन दापोलीला हजर व्हायचं, हॉस्टेल मिळणार, प्रॅक्टिकलच्या तुकड्या पाडणार. शेवटची तारीख १५ मार्च. जो येणार नाही त्याची जागा यादीतल्या पुढच्याला.

मी सड्यावरून घरापर्यंत धावत आले आणि धापा टाकत वाचून दाखवलं. आईचा चेहरा उजळला, मग तिने आप्पांकडे पाहिलं. आप्पा बराच वेळ पान जमवत बसले. काका जूनमध्ये मुंबईच्या हॉस्पिटलात कोरोनाने गेले. आप्पांना सख्ख्या भावाचं तोंडही बघायला मिळालं नाही, दहावा इथे वहाळावर केला. तेव्हापासून 'बाहेर' हा शब्द काढला की त्यांचा घास अडकतो. आता आमच्या वाडीतही दोन जण पॉझिटिव्ह निघालेत.

"देवीला विचारू," आप्पा म्हणाले. "ती म्हणाली जा तर जा. मी आडवा यायचा नाय."

आमच्याकडे घर बांधायचं, सोयरीक करायची, काहीही असलं तरी सुकाईला कौल लावतात. गुरव देवीच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची कळी पडली तर हो, डावीकडची पडली तर नको. मला पेशी, ऊती सगळं शिकवतात आणि माझी ॲडमिशन एका कळीवर. ईशाला सांगितलं तर ती हसेल. पण खरं सांगायचं तर मला भीती वाटली नाही. सुकाई मला नको कशाला म्हणेल?

२१ फेब्रुवारी, रविवार

डावा दिला.

हे लिहून मी वही मिटली होती, आता परत उघडली.

एरवी कौलाला देऊळ भरलेलं असतं. कोण काय विचारतो ते गुरव खड्या आवाजात सांगतो, साऱ्या गावाला ऐकू जातं. यंदा ग्राम कृती दलाने ठरवलंय, एका घरातला एकच माणूस, आत जायचं, पाच मिनिटांत बाहेर. म्हातारे नकोत, म्हणजे आप्पा नाहीत. मी जाते म्हटलं तर दादा म्हणाला, "ज्याचं गाऱ्हाणं त्यानेच जायचं नसतं, तुझी आशा लागलेली. मी नीट मांडतो तुझं." मला ते पटलं. मी त्याला ओंजळभर जास्वंदी काढून दिल्या.

तो आला तेव्हा मी पाणी घेऊन पुढे गेले. माझ्याकडे न बघता तो पाय धूत राहिला. धुतलेले पाय परत धुतले. मग आप्पांना म्हणाला, "डावा दिलान देवीने."

आई आत गेली. आप्पा म्हणाले, "बरं." मी म्हटलं, परत लावू या ना, एकदाच! दादा एकदम ओरडला, "एकदा दिलेला कौल परत लावतात काय कधी?" तो माझ्यावर असा कधीच ओरडत नाही. त्यालाही वाईट वाटलं असणार, एवढ्या खेपा घातल्या होत्या बिचाऱ्याने.

मी परसात जाऊन रडले. देवीचा राग आला. मग राग आला म्हणून भीती वाटली.

२२ फेब्रुवारी

आप्पा सकाळीच काठी टेकत एकटे देवळाकडे गेले. मला वाटलं, माझ्यासाठी परत विचारायला गेले. आले ते थेट ओटीवर बसले. चहाला हात लावला नाही. दादा गोठ्यात होता, त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मी विचारलं, गुरवकाका काय म्हणाले? तर म्हणाले, "भिकाजीच्या घरात ताप हाय. तू तिकडे फिरकू नको एवढ्यात."

२८ फेब्रुवारी

आज मी तो अर्ज लिहिला.

दादाचं म्हणणं, जायचंच नाही तर जागा अडवून कशाला ठेवायची? आधी कळवलं तर दाखले कुठे अडकायचे नाहीत, जूनमध्ये सावर्ड्याच्या बाजूला कुठे बी.ए.ला प्रवेश घेता येईल, घरून जाऊन येऊन होईल. बी.ए.! मला इतिहासातली एक सनावळी आठवत नाही. पण देवीनेच नको म्हटल्यावर भांडायचं कोणाशी? ओटीवर बसून कोऱ्या पानावर लिहिलं. "मी कौटुंबिक कारणास्तव स्वेच्छेने प्रवेश रद्द करीत आहे." मजकूर दादाने सांगितला. 'स्वेच्छेने'वर माझं पेन थांबलं, तर तो म्हणाला, तसंच लिहायचं असतं. आप्पा शेजारी सुतळी वळत बसले होते. त्यांना मी वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही.

अक्षर मात्र मी सुरेख काढलं. मग सड्यावर जाऊन फोटो काढला आणि मेल केला. 'पाठवा' मीच दाबलं. दादा म्हणाला, "तू दाब, तुझा अर्ज आहे."

ईशाचे अकरा मेसेज आले. एकालाही उत्तर दिलं नाही.

७ मार्च, रविवार

दादा मुंबईला गेला. सेठने बोलावलं. मी विचारलं, तू देवीला विचारलंस? तो हसला. म्हणाला, "मी काय पहिल्यांदा चाललोय? नेहमीचाच गडी मी. माझं काय विचारायचं?"

गेले आठ दिवस तो माझ्याशी फार गोड वागतोय. काल फणसाची कुयरी शोधून आणली, आईला भाजी करायला लावली, मला आवडते म्हणून. आज त्याचा फोन मलाच ठेवला. तिथे सेठ दुसरा देणार म्हणे. मी म्हटलं, मला आता काय करायचाय? तर म्हणाला, ठेव गं, आई-आप्पांकडे बघायला तूच आहेस आता. नमस्काराला वाकला तेव्हा आप्पांनी डोक्यावर हात ठेवला, पण अंगारा लावला नाही. एरवी अंगाऱ्याशिवाय त्याला उंबरा ओलांडू देत नाहीत. वय झालं, विसरतात.

१३ मार्च, शनिवार

सगळं जसं झालं तसंच लिहिणार.

शिवरात्र झाली, देऊळ मोकळं असेल म्हणून फुलं घेऊन गेले. देवीशी असा अबोला किती दिवस धरायचा, असं मनात होतं. भिकाजी गुरव पायरीवर समया घासत होते. मी लांबूनच विचारलं, घरातला ताप उतरला का? ते म्हणाले, ताप कोणाला व्हता? आप्पांनी दुसऱ्याच कोणाचं ऐकलं असेल.

मग तेच म्हणाले, "संदेश पोचला काय गो नीट?"

"पोचला. फोन आला होता."

"बरं झालं. मना धाकधूक व्हती. डावा कौल घेऊन घराबाहेर पडला. असं करू नये माणसाने."

मी म्हटलं, "डावा माझा होता, काका. दापोलीचा."

त्यांनी समई खाली ठेवली. "दापोलीचं काय?"

"मी कॉलेजला दापोलीला जाऊ का, ते विचारायला आला होता ना दादा."

"नाय गो बाय," ते म्हणाले. "गाऱ्हाणं मीच घातलंय. संदेश मुंबैस परत जातो म्हणतो, जाऊ दे काय, असं विचारलं. देवीने डावा दिलान. मी त्याला बोललो पण, राहा बाबा घरी, आई-बापाजवळ. तुझं नाव कोणी घेतलंच नाय."

मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच. शेवटी त्यांनी गाभाऱ्याकडे हात करून शपथ घेतली.

माझं विचारलंच नाही. मी तीन आठवडे देवीला शिव्या दिल्या, तिची माफी मागितली, परत शिव्या दिल्या, आणि तिला माझं नावसुद्धा कोणी सांगितलं नव्हतं! स्वतःचा नकार त्याने आणून माझ्या अंगावर टाकला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. ज्याने छत्री धरली त्याने.

सड्यावर गेले आणि फोन लावला. मी फक्त "दादा, भिकूकाका भेटले" एवढंच म्हटलं. मग म्हणाला, "शमे, ऐक. दोघंही गेलो असतो तर घरात कोण? आईला साखर, आप्पांना चालवत नाय. कोणीतरी राहायलाच हवं होतं."

"मग तू राहायचंस. देवीने तुला सांगितलं होतं."

"इथे राहून मी वर्षभर काय केलं, पाहिलंस ना? तू हुशार आहेस, कुठेही शिकशील. मना दुसरं काय येतं?"

"तसं तोंडावर बोलायचंस! भांडले असते तुझ्याशी."

"तू माझं ऐकलं नसतंस," तो म्हणाला. "देवीचं ऐकलंस."

मी फोन कातळावर आपटणार होते. नाही आपटला. कॉलेजला मेल केला, अर्ज मागे घेते, कृपया प्रवेश रद्द करू नये. आज शनिवार. ऑफिस बंद. सोमवार शेवटची तारीख. ईशाला सगळं लिहिलं. तिचं एका ओळीचं उत्तर आलं, सोमवारी ये, मी गेटवर उभी राहते.

आता आप्पांना सांगायचं आहे. आप्पांनी एकदा ऐकलं की ते स्वतः मला दापोलीला नेतील, कौलाशी खोटं बोललेलं त्यांना सहन व्हायचं नाही. त्यांना किती लागेल, याचीच भीती वाटते. उद्या सांगते.

१४ मार्च, रविवार

आप्पा काजूखाली बसून बोंडांच्या बिया काढत होते. मी शेजारी बसले, दोन-चार बिया पिळून काढल्या आणि मग सगळं सांगितलं. हळूहळू, त्यांना झेपेल असं. दादाने विचारलं काय, घरी सांगितलं काय.

त्यांनी हातातलं बोंड टोपलीत टाकलं. दुसरं उचललं. आणि म्हणाले, "भिकाजी बोलला?"

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं.

"आप्पा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"दुसऱ्या दिवशीच."

"मी तो अर्ज लिहिला तेव्हा तुम्ही शेजारी होतात. मी तुम्हाला वाचून दाखवला."

"व्हतो," आप्पा म्हणाले. "पोरगा काय राहायचा नव्हता. त्याला धरून ठेवण्याएवढा माझा हात चालत नाय आता. तू तरी डोळ्यासमोर राहशील म्हणून गप ऱ्हायलो. भावाचं तोंड बघितलं नाय मी, शमे."

मला दया आली. खरंच आली, आणि आली म्हणून जास्तच राग आला. मी म्हटलं, "तुम्ही म्हणाला होतात, मी आडवा यायचा नाय." ते बिया काढत राहिले. मी रडले नाही. दादाने फसवलं तेव्हा निदान त्याला कुठेतरी जायचं तरी होतं. आप्पा मात्र इथेच बसून, सुतळी वळत, मला वाचू देत होते.

आई केव्हा मागे येऊन उभी राहिली ते कळलं नाही. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, तिच्या तोंडावरूनच दिसत होतं. आप्पांकडे तिने पाठ केली. मला म्हणाली, "सावर्ड्यातनं पहिली गाडी कितीला?"

"नको जाऊ देऊ तिला," आप्पा म्हणाले.

"माझं इंजेक्शन मी टोचून घेईन," आई म्हणाली आणि ट्रंकेतून माझ्या दाखल्यांची पिशवी काढायला गेली.

१५ मार्च, सोमवार. दापोली, एसटी स्टँड

पहाटे आई सावर्ड्यापर्यंत चालत आली. आप्पा ओटीवर बसले होते, मी त्यांच्या पाया न पडता निघाले. असं मी जन्मात केलं नव्हतं.

चिपळूण, खेड, मग घाट. दापोलीला साडेदहा वाजले. मी दोन महिने या कॉलेजात आहे आणि ते पहिल्यांदाच बघत होते. केवढी झाडं, आणि प्रत्येकावर नावाची पाटी. गेटवर एक उंच मुलगी हात हलवत होती. मांजर नव्हतीच ती, माझ्याहून वीतभर उंच. मास्क लावून आम्ही दोघी नुसत्या हसलो, आणि तिने माझी पिशवी घेतली.

ऑफिसात रांग होती. सगळ्यांच्या हातात पिशव्या, बहुतेकांबरोबर बाप. माझा नंबर आला तेव्हा मी दाखले पुढे केले. बाईंनी नाव विचारलं, यादी वर-खाली बघितली, मग दुसरी फाइल काढली. शनिवारचा माझा मेल त्यांनी वाचला होता. आवाज चांगला होता त्यांचा. म्हणाल्या, "अगं, तुझी जागा आठ तारखेलाच पुढच्याला गेली. ती मुलगी सकाळी हजरपण झाली."

मी म्हटलं, "मॅडम, ते माझ्या मनाने नव्हतं. मला फसवून लिहून घेतलं."

त्यांनी फाइल माझ्याकडे फिरवली. माझ्या अर्जाची प्रिंट. सुरेख अक्षर, खाली सही, मधे तो शब्द, स्वेच्छेने.

"कोणी जबरदस्ती केली होती का? हात धरून? तसं असेल तर लिहून दे, मी साहेबांकडे नेते."

जबरदस्ती. दादाने हात धरला नव्हता, आप्पांनी तोंड उघडलं नव्हतं. ईशा मागून मला ढोसत होती, लिही, लिही म्हणून. लिहायचं तर दादाचं नाव लिहायला हवं होतं, आप्पांचं लिहायला हवं होतं. मी पेन हातात घेतलं होतं.

"हे अक्षर तुझंच ना?" बाईंनी विचारलं.

मागे रांग वाढत होती. मी पेन खाली ठेवलं आणि हो म्हटलं.